शुक्रवारी बसू

दारावरच्या सिक्युरिटीवाल्याचं म्हणणं असं होतं की नारळ आत नेता येणार नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ आणि पेयं आणायला मनाई आहे, आणि नारळात दोन्ही येतं.

त्याच्यासमोर अण्णा मोहिते नारळ धरून उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा सफारी, कपाळावर गंध. शेजारी त्यांचे मेहुणे दिनकरमामा, डोक्यावर टोपी, अंगात जाकीट, हातात पेढ्यांचा पुडा. मी आत टेबल अडवून बसलो होतो आणि काचेतून हे सगळं बघत होतो. ज्यांच्या मुलीशी मला लग्न करायचं होतं, ते गृहस्थ बिअर प्यायला नारळ घेऊन आले होते. मला वाटलं, कराडकडे चकण्याला खोबरं घेत असतील.

मी उठून बाहेर गेलो आणि मध्यस्थी केली. नारळ हेल्मेटच्या रॅकमध्ये ठेवायचं ठरलं. पेढ्यांबद्दल सिक्युरिटीवाला काही बोलणार, तोवर मामांनी पुडा जाकिटाच्या आत सरकवला आणि ते एकदम बाळसेदार दिसू लागले.

अण्णांची मुलगी रेवती. तिने दोन वर्षांपूर्वी घरी माझ्याबद्दल सांगितलं होतं. अण्णांनी होकार दिला नव्हता आणि नकारही दिला नव्हता. "बघू," म्हणाले होते. अण्णांची कराडजवळ वीटभट्टी आहे. भट्टी पेटवायची आणि ती आपल्या वेळेने थंड होईपर्यंत शांत बसून राहायचं, यात आयुष्य गेलेला माणूस. तो 'बघू' म्हणाला की किती काळ बघेल याला मर्यादा नव्हती. रेवती त्यांच्या शब्दाबाहेर लग्न करणार नव्हती, हे तिने मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. त्यामुळे सगळं अण्णांच्या एका शब्दावर अडलं होतं.

त्यांची अडचण काय आहे, हे मी रेवतीला अनेकदा विचारलं. ती म्हणायची, अण्णांचं म्हणणं एवढंच आहे की पोरगा कसा आहे ते कळत नाही. यात त्यांची चूक नव्हती. मी दोनदा कराडला जाऊन आलो होतो आणि दोन्ही वेळा इतका चांगला वागलो होतो की त्यांना माझ्याबद्दल काहीच कळलं नाही. मी वाकून नमस्कार केला, ताटातलं सगळं संपवलं, भट्टीबद्दल हुशारीचे प्रश्न विचारले. रेवतीच्या आईने विचारलं, तिखट झालं का, तर डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी नाही म्हणालो.

आणि मग तो आठवडा आला.

दवाखान्यांत नंबर पुकारणारं यंत्र असतं ना, बाईच्या आवाजात बोलणारं, त्याचं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवायची. 'टोकन क्रमांक सत्तावीस, खिडकी क्रमांक तीन.' त्या सोमवारी एका मोठ्या दवाखान्यात आमच्या बाईने सगळ्यांना खिडकी क्रमांक सतराला पाठवायला सुरुवात केली. त्या दवाखान्याला खिडक्या चारच होत्या. लोक हातात टोकन घेऊन इमारतीला प्रदक्षिणा घालू लागले. यातला एक म्हातारा तर म्हणत होता की त्याला सतरा नंबरची खिडकी सापडली आणि तिथे त्याचं काम झालंही. आमचे साहेब मला दिवसातून अनेक वेळा फोन करायचे आणि प्रत्येक वेळी "खिडकी" एवढाच शब्द बोलून ठेवून द्यायचे. मी ऑफिसातच झोपत होतो. स्वप्नातही ती बाई मला कुठेतरी पाठवायची.

अशा अवस्थेत, गुरुवारी दुपारी, अण्णांचा फोन आला. त्यांनी मला स्वतःहून फोन करण्याची ही पहिलीच वेळ. उद्या ते आणि दिनकरमामा पुण्यात येणार होते.

"म्हटलं, उद्या बसून घेऊ एकदा," अण्णा म्हणाले.

आता मराठीत 'बसू एकदा' याचा अर्थ काय होतो, हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. मी तो आठवडाभर मित्रांना हेच म्हणत होतो. हे एकदा संपलं की शुक्रवारी बसू. त्यामुळे अण्णांच्या तोंडून ते ऐकल्यावर मला धक्का बसला नाही, गलबलून आलं. या माणसाला माझी दया आली, असं वाटलं. कुणीतरी मला म्हणत होतं की बाबा, दमलायस, चल.

त्यांनी विचारलं, तुझ्याकडून कोण कोण असेल. मी म्हणालो, मी एकटाच. ते म्हणाले, "एकटाच? धाडसी आहेस." जागा तूच ठरव म्हणाले. मी सांगितलं, बाणेरला एक नवीन जागा झाली आहे, बाहेरून काही आणत नाहीत, सगळं स्वतः तिथेच बनवतात. अण्णांना हे आवडलं. बसायला ऐसपैस आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं.

मग मी रेवतीला फोन करून सांगितलं की अण्णा म्हणतायत, उद्या बसू. ती रडायलाच लागली. मला ते जरा जास्त वाटलं, पण मीही हळवा झालो होतो. ती म्हणाली, नीट बस, मामांना मान दे, काहीही झालं तरी आधी त्यांना विचार. मी म्हणालो, अर्थात, आधी त्यांनाच देईन. मग मी म्हणालो, तू पण ये ना. तर म्हणाली, मुलगी कधी तिथे बसते का. तिचे विचार इतके जुने असतील असं मला वाटलं नव्हतं. पण वाद घालायचं त्राण नव्हतं.

तर असा एक शब्द तीन माणसांमधून फिरून आला आणि त्याला कुठे साधा पोचाही पडला नाही.

आम्ही टेबलाशी बसलो. समोर काचेपलीकडे तांब्याच्या मोठमोठ्या टाक्या होत्या. अण्णांनी त्या बघून विचारलं, पाणी तापवायची सोय का? मी म्हणालो, तसंच काहीसं. त्यांना वाटलं असणार, लग्नाचं कार्यालय आहे. वऱ्हाडाच्या आंघोळीला एवढं पाणी लागतंच.

वेटरने मेन्यू आणून दिला. मामांनी चष्मा चढवून तो मोठ्याने वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीवर अडकले. "बेल्जियन वीट."

अण्णांनी मान वर केली. "कसली वीट?"

"बेल्जियमची, सर," वेटर म्हणाला. "आमच्याकडे सगळ्यात जास्त तीच जाते."

"किती इंची?"

"तीनशे तीस मिली आणि पाचशे मिली."

अण्णांनी मनातल्या मनात हिशोब करून बघितला आणि सोडून दिला. ती गव्हाची बिअर असते, हे सांगायचं मला सुचलं नाही. मी वेटरला सांगितलं की आधी चवीपुरतं सगळ्यातलं थोडंथोडं आण. तो गेला. अण्णांनी घसा साफ केला, सफारी खाली ओढला आणि दाराकडे बघितलं.

"तुझ्याकडची माणसं गाडी लावतायत का?"

"मी एकटाच म्हणालो होतो की, अण्णा."

"मला वाटलं, गंमत करतोयस. मग तुझ्याकडून बोलणार कोण?"

"मीच बोलेन. एरवी नाही, पण दोन ग्लासांनंतर मी बराच बोलतो."

अण्णांनी पुन्हा दाराकडे बघितलं. दिनकरमामांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मामा हे बैठकांमधलं जुनं प्रस्थ होतं. गावात कुणाचंही लग्न ठरवायचं असलं की दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसवायची आणि मध्ये मामांना बसवायचं, अशी पद्धत होती. त्यांनी जमवलेली लग्नं बरीच, मोडलेली त्याहून जास्त, आणि दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान.

"पोरा," मामा म्हणाले, "आपण हितं कशाला आलोय?"

"बसायला, मामा."

"व्हय. पण बसून काय करायचं?"

मला प्रश्न कळेना. "बसायचं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. टाक्यांकडे बघितलं. शेजारच्या टेबलावर एक पोरगा एका घोटात ग्लास रिकामा करत होता, त्याच्याकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर, एखादं अवघड स्थळ जुळल्यावर पसरावं, तसं समाधान पसरलं.

"दाजी," ते अण्णांना म्हणाले, "ह्यो घ्यायला बसलाय. आपण द्यायला."

माझ्या डोक्यात खिडकी क्रमांक सतरा उघडली. नारळ. गंध. पेढे. रेवतीचं रडणं. बैठक. अण्णा लग्नाच्या बैठकीला आले होते. दोन वर्षांनी तो माणूस हो म्हणायला कराडहून पुण्यात आला होता, आणि मी माझ्या आईवडिलांना चिपळूणला ठेवून त्याला बिअरच्या भट्टीवर बसवलं होतं.

अण्णा उभे राहिले. आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, "दिनकर, नारळ घे."

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आज बरीच वर्षं झाली तरी आठवत नाही, पण त्यात 'गैरसमज' हा शब्द इतक्या वेळा आला की शेवटी त्याचा उच्चार बिघडला. अण्णा ऐकत नव्हते. ते निघालेच होते. पण मामा उठत नव्हते, कारण एवढ्यात वेटरने लाकडी फळीवर रांगेत मांडलेले छोटे छोटे ग्लास आणून ठेवले होते आणि मामांनी त्यातल्या एकाला नाक लावलं होतं.

"हे कशाचं?"

वेटर म्हणाला, बार्लीचं.

"म्हंजी जव," मामा म्हणाले. "दाजी, जवाचं पाणी हाय हे. मुतखड्यावर डॉक्टरनं मला हेच सांगितलंय. किती वर्षं झाली पितोय मी, कधी फेस म्हणून आला न्हाई."

अण्णा म्हणाले, चल म्हटलं ना. मामांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवून आत काही हलतंय का त्याची वाट बघितली. मग डोळे उघडून त्यांनी आपला निवाडा दिला. त्यांचं म्हणणं असं, की आपण दोन वर्षं काय म्हणतोय? पोरगा कळत नाही. दोन वेळा आला आणि साखरेसारखा वागून गेला. आज समोर घेऊन बसलाय. माणूस बघायचा तर घेतल्यावर बघावा. उठून गेलात तर पुन्हा असा सापडायचा नाही.

"आपण बघायलाच आलोय की," मामा म्हणाले. "बघून जाऊ."

अण्णा बराच वेळ उभे राहिले. मग बसले. पण खुर्ची त्यांनी माझ्यासमोर नीट सरळ करून घेतली, आणि हात मांडीवर ठेवले. वेटरला सांगून टाकलं की गाडी चालवायची आहे, मला लिंबूपाणी.

त्यानंतर जे झालं त्याला बघण्याचा कार्यक्रम याशिवाय दुसरं नाव नाही. फक्त पोहे नव्हते आणि मुलगी मी होतो. मामा प्रश्न विचारत होते, अण्णा निरीक्षण करत होते. मामांनी विचारलं, स्वयंपाक येतो का. मी म्हणालो, वरणभात आणि भुर्जी. चष्म्याचा नंबर किती? घरात कुणाला साखर आहे का? गाणं म्हणतोस का? मी म्हणालो, प्यायल्यावर म्हणतो, पण म्हणू नये. हे उत्तर मामांना प्रामाणिक वाटलं, कारण त्यांनी अण्णांकडे बघून मान हलवली.

मी पिवळी संपवून तांबूस घेतली, तांबूस संपवून काळीकडे आलो. आठवड्याचा सगळा शीण गुडघ्यांतून खाली उतरत होता. अशी चांगली बिअर मी आयुष्यात प्यायलो नव्हतो आणि इतक्या वाईट वेळीही प्यायलो नव्हतो.

"चालून दाखव," मामा म्हणाले.

"कुठे?"

"त्या टाकीपर्यंत जायचं आणि यायचं. मान खाली घालू नको."

मी गेलो. आलो. शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामा म्हणाले, पायात काही खोट नाही. अण्णांच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला, पण लिंबूपाणी आंबट असेल.

मग या कार्यक्रमात अण्णांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांनी विचारलं, एवढं कशाने दमलायस? आल्यापासून बघतोय, डोळे लाल आहेत, ते ह्याने नाहीत.

कराडला हा प्रश्न आला असता तर मी म्हणालो असतो, छे, काही नाही, थोडं काम. पण मी काळ्या ग्लासावर होतो. मी त्यांना सगळं सांगितलं. चार खिडक्या, सतरावी खिडकी, ती बाई, प्रदक्षिणा घालणारी माणसं, साहेबांचे फोन. चूक माझीच होती आणि ती कुठे आहे ते मला चार दिवस सापडत नव्हतं, हेही सांगितलं. आणि तुमचा फोन आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी बैठक वगैरे शब्दांचा विचारच केला नाही, हेही.

अण्णा गंभीरपणे ऐकत होते. मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचं काम झालं कुठं पण?"

"कळलं नाही, अण्णा. त्याच्या कागदावर शिक्का आहे."

"कसला?"

"सतरा नंबरच्या खिडकीचा."

अण्णा हसले. आधी खांदे हसले, मग पोट, आणि मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रुमालात तोंड घातलं. मामा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं. त्यांचं हसणं अगदी रेवतीसारखं होतं, आवाज न करता, दमा लागल्यासारखं. मला ते बघून तिची फार आठवण आली.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि त्याच शांत आवाजात विचारलं, "रेवती घेते का?"

शेजारचं टेबल गप्प झालं नव्हतं, संगीत थांबलं नव्हतं, पण मला तरी काही ऐकू येईनासं झालं. रेवती घेते. या बाबतीत ती माझ्याहून जाणकार आहे. काळी बिअर प्यायला मला तिनेच शिकवलं होतं. हो म्हणालो तर तिने घरात जपलेली गोष्ट मी एका फळीवरच्या ग्लासांवर ओवाळून टाकणार होतो. नाही म्हणालो तर पुन्हा कराडचा तिखट रस्सा, पुन्हा डोळ्यांत पाणी आणि तोंडाने नाही. आणि समोर तो माणूस होता जो आत्ता क्षणभरापूर्वी माझ्यासमोर पहिल्यांदा हसला होता. मी ग्लास बाजूला सरकवला.

"अण्णा, हे मी नाही सांगणार."

"का?"

"तिच्याबद्दल आहे. तिला विचारा. ती तुमच्याशी खोटं बोलत नाही."

"मी तुला विचारतोय."

"तुम्ही त्यावरून नाही म्हणालात तरी मी नाही सांगणार."

दिनकरमामा म्हणाले, "म्हंजी घेते."

"दिनकर, तू घे गप," अण्णा म्हणाले.

मग ते टेबलाकडे बघत राहिले. मामांनी माझ्याकडे बघून हळूच खांदे उडवले. त्यांच्या बैठकांच्या अनुभवात हे बसत नव्हतं. मला वाटलं, मोडलं. मी मनात रेवतीला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करू लागलो आणि पहिल्याच वाक्याला अडकलो.

अण्णांनी खिशातून फोन काढला. लांब धरून नंबर शोधला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असायचा, आपण फोनशी नाही तर समोरच्या माणसाशी बोलतोय असं त्यांना त्यामुळे वाटायचं. पहिल्याच रिंगला रेवतीने उचलला.

"अण्णा? जमलं का?"

"चाललंय. तू ये इकडं. पत्ता ह्याच्याकडून घे."

"मी? बैठकीत मुलगी कशी येईल?"

"इथं सगळंच उलटं आहे. मुलाला चालून दाखवायला लावलंय दिनकरनं. तू ये." मग ते जरा थांबले आणि म्हणाले, "तुझ्यासाठी काय मागवू?"

पलीकडे रिक्षाचा हॉर्न, कुणाचं तरी कुत्रं, आणि रेवतीचा श्वास. मला ती विचार करताना दिसत होती.

"चहा," ती म्हणाली.

मामा ग्लासात हसले. फेस त्यांच्या मिशीवर आला.

"चहा नाही मिळत इथं, रेवा," अण्णा म्हणाले. आवाज इतका मऊ की मी दुसरीकडे बघायला लागलो. "जे मिळतंय त्यातलं सांग."

पलीकडे तेच कुत्रं पुन्हा भुंकलं. तिला आता सगळं कळलं असणार. आम्ही कुठे बसलोय, कसे बसलोय, आणि अण्णा नेमकं काय विचारतायत.

"स्टाउट," ती म्हणाली. म्हणजे तीच काळी. आणि लगेच, "पण अर्धाच, अण्णा."

अण्णांनी मान डोलावली, जणू ती समोर बसली होती. फोन ठेवला. हात वर करून वेटरला बोलावलं आणि म्हणाले, एक स्टाउट. नवीन शब्द त्यांनी अगदी नीट, मागेपुढे न होता उच्चारला. वेटरने विचारलं, हाफ की फुल?

"ती अर्धा म्हणती," अण्णा म्हणाले. "माझ्या धाकानं म्हणती. पूर्ण आणा."

वेटरने लिहून घेतलं. मग अण्णा माझ्याकडे वळले, सफारी सारखा केला, आणि आवाज खाली आणून, अदबीने म्हणाले, "आणि तुमच्यासाठी काय सांगू?"

मी मागे वळून बघितलं. मागे नुसती भिंत होती.